पाचव्या मण्यावरचा श्वास

आमच्या वन्सं बेशुद्ध माणसांशी भरपूर बोलतात आणि शुद्धीवरच्यांशी कामापुरतं, असं धाकटे भावजी म्हणायचे. "ताईशी दोन शब्द बोलायचे तर आधी चक्कर येऊन पडावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वन्सं त्यावर हसत नसत, पण जेवताना पोळी वाढायची वेळ आली की भावजींच्या ताटात एक जास्त पडे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. त्यांच्या पाठीवर आमचे हे, आणि शेंडेफळ धाकटे भावजी. वन्संनी लग्न केलं नाही. एकतीस वर्षं त्या एकाच इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात होत्या, शेवटची अकरा वर्षं तिथल्या मुख्य सिस्टर म्हणून. मागच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला सगळे चांगलं बोलले. कुणी म्हणालं शिस्त, कुणी म्हणालं सेवा. हाताखालच्या पोरींनी त्यांना 'टाचणी' नाव ठेवलं होतं, तेही एकीने धीर करून सांगून टाकलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मला जे सांगण्यासारखं वाटत होतं ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन रोजच्या वह्यांपैकी सहा वर्षांपूर्वीची वही काढली आणि त्यावरून हे लिहिते आहे.

त्यांची कामाची एक पद्धत होती. खाटेवरचा माणूस कितीही निपचित असो, त्याला हात लावण्याआधी त्या सांगायच्या. "आज गुरुवार आहे. सकाळचे आठ वाजलेत. मी आता तुमची कूस बदलते आहे, जरा गार लागेल." मी एकदा विचारलं, "वन्सं, त्यांना ऐकू जातं का?" त्या म्हणाल्या, "जात नसेल तर माझं काय जातंय? आणि जात असेल तर न सांगता हात लावायचा म्हणजे चोरीच की."

दुसरी गोष्ट आमच्या घरात सतरांदा सांगून झालेली. एका थंडीत एक मुलगी बागेतल्या बाकावर सापडली. मूठभर झोपेच्या गोळ्या घेतलेल्या, अंग बर्फासारखं. आणली तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला हलत नव्हत्या, घशात नळी घातली तरी ठसका नाही. श्वास मशीनवर. एका तरुण डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगून टाकलं, की मेंदू गेला आहे, आता काही उरलेलं नाही. वन्सं मध्ये पडल्या. "गार माणूस गेला की आहे, हे गार असताना सांगता येत नाही, डॉक्टर. आधी तिला ऊब द्या. पोटातलं औषध उतरू द्या. मग विचारा." डॉक्टरांना राग आला, पण थांबले. तिसऱ्या दिवशी मुलीच्या पायाचा अंगठा हलला. आता ती दर वर्षी वन्संना भेटायला येते, कडेवर पोर घेऊन. सासूबाईंच्या तोंडी ही गोष्ट इतकी वाढली होती, की त्यांच्या हिशेबी ती मुलगी उठून बसली आणि तिने पहिल्यांदा चहा मागितला.

ही गोष्ट घरात इतकी मुरलेली होती, की आमच्यावर वेळ आली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात तेवढी एकच होती.

भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना सगळे 'वरखाली' म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत. त्या सोमवारी ते एका इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत होते. हातात पाना. जोडीदाराला म्हणाले, "डोक्यात कुणीतरी ठोकतंय रे," आणि भिंतीला टेकून खाली बसले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दुपारपर्यंत ते वन्संच्याच विभागात, सात नंबरच्या खाटेवर होते. संध्याकाळी अंधार पडायच्या आत श्वास बंद झाला आणि मशीन लावलं.

वन्संनी त्याच दिवशी रजा टाकली. म्हणाल्या, "इथे मी आता नातेवाईक. मशीनला हात लावायचा नाही, कागद बघायचा नाही." आमच्याबरोबर त्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसत. त्यांच्या पोरी जाता-येता दचकत. रोज ज्यांच्या धाकात राहायचं, ती बाई समोर मांडीवर डबा घेऊन बसलेली.

तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. म्हणाले, मेंदू काम करत नाहीसा दिसतोय, रीतसर तपासण्या करून ठरवावं लागेल. माझी धाकटी जाऊ, भावजींची बायको, वन्संच्या तोंडाकडे बघत राहिली. वन्संनी विचारलं, "झटके थांबवायला झोपेचं औषध चालू होतं ना? कधी बंद केलं?"

"काल दुपारी."

"लघवी कमी होतेय त्याची. मूत्रपिंडं दमलीत. औषध अजून अंगात असणार. आणि अंगही गार लागतंय. आज काही ठरवू नका."

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मीही तेच म्हणणार होतो. दोन दिवस थांबू."

बाहेर आल्यावर जावेने वन्संचा हात घट्ट धरला. सासूबाई म्हणाल्या, "ही त्याला परत आणणार. त्या पोरीला आणलं तसं." मी वहीत लिहिलं, 'वन्संनी डॉक्टरांना थांबवलं. देव आहे.'

पुढची चूक माझी. ती लपवत नाही.

आत एका वेळी एकालाच जाऊ देत. चप्पल बाहेर, अंगावर हिरवा डगला. पाचव्या दिवशी सकाळी माझी पाळी आली. मी जपाची माळ बरोबर नेली होती. भावजींच्या उशाशी बसले. अंग आता ऊबदार होतं, गालांवर रंग होता. छाती वर जात होती, खाली येत होती. मशीनच्या पडद्यावर दर श्वासाला एक रेघ उमटे, कधी पांढरी, कधी हिरवी. शेजारच्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "पांढरी म्हणजे मशीनने आपणहून दिलेला. हिरवी म्हणजे पेशंटने मागितलेला."

"मशीन किती देतं?"

"मिनिटाला बारा लावलेत."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी श्वासाला एक मणी ओढत गेले. मिनिट झालं तेव्हा वीस मणी झाले होते. पुन्हा मोजलं. पुन्हा वीस. बारा मशीनचे, तर आठ कोणाचे?

मी बाहेर आले आणि जावेला म्हणाले, "ते श्वास घेतायत. मी मोजलेत." ती माझ्या गळ्यात पडली. सासूबाईंनी हात जोडले. माझे यजमान चार माणसांत कधी रडले नव्हते, ते त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडले. तासाभराने विभागातले एक तरुण डॉक्टर तपासणीला गेले. डोळ्यांवर उजेड टाकला, बुबुळाला कापूस लावला, कानात गार पाणी सोडलं, तरी कशालाच काही नाही. पण हिरव्या रेघा बघून तेही थांबले. "श्वास स्वतःचा आहे म्हटल्यावर पुढची तपासणी करता येत नाही," असं त्यांनी आम्हाला सांगितलं. वहीत त्या दिवशी मी लिहिलं, 'आठ श्वास त्यांचे स्वतःचे. देवाने दिले.'

वन्सं दुपारी आत गेल्या. दाराच्या काचेतून मला दिसत होत्या. रोजच्यासारखं त्यांनी सांगितलं, वार, वेळ, बाहेर कोण कोण बसलंय. मग खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता बाहेर येऊन त्याही रडतील. आल्या तेव्हा तोंड कोरडं होतं. "जेवून घ्या," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी आणखी दोनदा आत गेले, आणि दुसऱ्यांदा गेले तेव्हा मला भीती वाटायला लागली. कशाची ते कळेना. जावेने दिलेला फोन मी भावजींच्या कानाशी धरला होता, त्यातून त्यांची लेक म्हणत होती, "बाबा, मी आहे." छाती वर, छाती खाली. वीस. त्यांच्या हाताला सुई टोचली, वीस. मी रडले, तेव्हाही वीस. झोपलेलं माणूस कधी उसासा टाकतं, कधी अडखळतं, कूस बदलताना दोन श्वास भरभर घेतं. यांचा एकही श्वास पुढे नाही, मागे नाही. आणि आणखी एक. छाती हलत होती, पण गळ्याची खोबण हलत नव्हती, नाकपुड्या हलत नव्हत्या. कुणीतरी आत बसून छाती उचलतंय आणि चेहऱ्याला त्याचा पत्ता नाही, असं दिसत होतं. मी नामस्मरण करत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या. "वहिनी, माळ आणलीयस?"

"आहे की."

"आत जा. डावा हात त्याच्या नाडीवर ठेव. काल श्वास मोजलेस, आज नाडी मोज. ठोक्याला एक मणी. छाती वर आली की थांब, किती मणी झाले बघ, आणि पुन्हा एकपासून सुरू कर."

"कशाला, वन्सं?"

"माझे हात आज मला खरं सांगतील असं वाटत नाही. तुझे सांगतील."

मी गेले. मनगट ऊबदार होतं. ठोका लागला. एक मणी, दोन, तीन, चार, पाच, आणि छाती वर आली. पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच. छाती वर. मधूनच मशीन आपली पांढरी रेघ काढून जाई, तेवढ्यापुरता क्रम मोडे, की पुन्हा पाच. हिरवी रेघ एकदाही चौथ्या मण्यावर आली नाही, एकदाही सहाव्यावर गेली नाही. अकरा वेळा मोजल्यावर माझ्या हाताला इतका घाम सुटला की मणी सरकेना. मी भावजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, की या खोलीत मी एकटी आहे.

बाहेर येऊन वन्संना म्हणाले, "दर पाचव्या मण्याला येतोय. नेमका."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "माणूस ठोके मोजून श्वास घेतो का गं?"

मग त्यांनी समजावलं. हृदय जोरात उडतंय. प्रत्येक ठोक्याला छातीतली हवा जराशी हलते, ती नळीतून मशीनपर्यंत जाते. मशीनचा कान फार तिखट करून ठेवलाय. त्याला वाटतं, पेशंटने श्वास मागितला. ते देतं. दिल्यावर लगेच दुसरा ऐकत नाही, म्हणून दर पाचव्याला. "हिरवी रेघ त्याची नाही. त्याच्या हृदयाची आहे. हृदय मेंदूला विचारून उडत नाही."

"आणि तुम्ही हे सांगितलंच नाहीत तर?" मी हळूच विचारलं.

"तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो श्वास घेत राहील." त्या म्हणाल्या. "काल दुपारपासून मी तेच ठरवतेय, वहिनी. गप्प बसायचं का."

जाऊ मागच्याच खुर्चीवर होती. तिने ऐकलं होतं. उठून समोर आली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "परक्या मुलीसाठी डॉक्टरांशी भांडलात. सख्ख्या भावाचे आठ श्वास तुम्हाला जड झाले?"

"तिच्यासाठी जे बघितलं तेच बघतेय."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझा भाऊ आहे तो."

"माहीत आहे, आई. त्याचं नाक मी पुसायची."

आणि त्या उठून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या. पाठीमागून चालताना दिसल्या तेव्हा एक पाय जरा ओढत होत्या. तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. स्वतः येऊन भावजींच्या नाडीवर बोट ठेवलं, पडद्याकडे बघत राहिले. मग मशीनचं एक बटण फिरवलं, कान थोडा बोथट केला. हिरवी रेघ थांबली. पांढरी, पांढरी, पांढरी. मिनिटाला बारा. मी काचेतून मोजत होते, पण मणी ओढायची गरज राहिली नव्हती.

शेवटची तपासणी दुपारी होती. मशीन सोडवायचं, नळीतून प्राणवायू चालू ठेवायचा, आणि छातीकडे बघत राहायचं. एरवी उच्छ्वासातून बाहेर पडणारा वायू रक्तात साठत जातो. मेंदूचा एक कोपरा जरी जागा असेल तरी तो छातीला धक्का देतोच. वन्संनी आत उभं राहायची परवानगी मागितली, ती मिळाली. जाण्याआधी त्यांनी आम्हाला एक सांगून ठेवलं. "हात हलू शकतात. वर येऊ शकतात. ते पाठीच्या कण्याचं काम, डोक्याचं नाही. मला हाक मारू नका, आत धावू नका. मी छातीकडे बघत असेन, तुम्हीही छातीकडेच बघा."

मी आणि जाऊ काचेशी उभ्या राहिलो. अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली केलेली. वन्सं वाकल्या आणि भावजींच्या कानाशी बोलल्या. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे ऐकू आलं. "आज शनिवार आहे. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झालीत. मशीन बाजूला करतोय. श्वास घ्यायचा असेल तर घे, बाळा. घाई नाही. आम्ही थांबलोय."

मशीनचा आवाज बंद झाला. सहा दिवस तो कानात होता, आणि तो गेल्यावर खोलीला जणू तळ राहिला नाही. छाती तशीच. घड्याळाचा काटा एक फेरी फिरला, दोन, तीन. जाऊ ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "घ्या ना. घ्या ना हो."

पाचव्या मिनिटाला भावजींचे हात उठले. दोन्ही. कोपरात वाकत, सावकाश, झोपेतून उठणारा माणूस पांघरूण चाचपतो तसे छातीवर आले. बोटं जवळ आली. क्षणभर तसेच राहिले, हात जोडल्यासारखे. जाऊ दाराकडे झेपावली, मी तिला कमरेतून धरलं. आत वन्सं हातांकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर छातीवर होती आणि छाती हलली नव्हती. हात आपोआप घसरून खाली पडले. मग त्यांनी ते एकेक करून उचलले, बाजूला सरळ ठेवले आणि बाही नीट केली.

दहाव्या मिनिटाला रक्त काढलं आणि मशीन परत लावलं. रक्तातल्या त्या वायूचा आकडा जेवढा चढायला हवा त्याहून जास्त चढला होता. एकही श्वास नव्हता. नियमाप्रमाणे काही तासांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं पुन्हा केलं. तेव्हाही नव्हता.

त्यानंतर आम्हाला सगळ्यांना एकदम आत सोडलं. मशीन चालू होतं, कागदपत्रं व्हायची होती. भावजी ऊबदार होते, छाती वर जात होती, खाली येत होती. सासूबाई पाय चोळत बसल्या. काहीच झालं नाही असं वाटावं असं ते दृश्य होतं. वन्संनी ओला टॉवेल घेतला, भावजींचं तोंड पुसलं, केस विंचरले, कपाळावरची चिकटपट्टी हळूच काढली. सगळं रोजच्यासारखं, पण तोंडातून एक शब्द नाही. वार नाही, वेळ नाही, गार लागेल नाही.

जावेच्या ते लक्षात आलं. आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती म्हणाली, "वन्सं, बोला ना ह्यांच्याशी."

वन्संनी तोंड उघडलं. मग मिटलं. "आता नाही गं," म्हणाल्या.

तेव्हा जाऊ खाली बसली. डॉक्टरांनी सांगून, कागद दाखवून, काचेतून स्वतः बघून जे तिच्या मनात शिरलं नव्हतं, ते त्या तीन शब्दांनी शिरलं. तिने फरशीवर बसल्या बसल्या मंगळसूत्र मुठीत धरलं आणि म्हणाली, "बंद करा आता." मशीनलाच म्हणत होती.

सव्वा वर्ष ती वन्संशी बोलली नाही. समोर आली तर पदर सारखा करून दुसऱ्या खोलीत जाई. वन्संनीही समजूत घातली नाही. मग एका दुपारी आपणहून आली. वन्सं माझ्याकडे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. जाऊ उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "एक विचारू? त्यातले ह्यांचे श्वास किती होते?"

"सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळे," वन्सं म्हणाल्या. "त्यानंतर एकही नाही."

"मग मी पाच दिवस कुणाशी बोलत होते?"

"मीही बोलत होते की गं."

जाऊ आत आली, शेजारी बसली, आणि चादरीची दोन टोकं धरली. दुसरी दोन वन्संच्या हातात होती. मी चहा टाकला.

वहीतली ती ओळ, 'आठ श्वास त्यांचे स्वतःचे. देवाने दिले', मी खोडलेली नाही. खाली फक्त दुसऱ्या दिवशीचा 'पाच' लिहिला आहे. देवाशी मी त्यावरून भांडले नाही. पण तेव्हापासून जपाला एक खोट लागली. पाचव्या मण्यावर बोट आपोआप थांबतं, कुणाची तरी वाट बघितल्यासारखं. पुढचं नाम ओठांवर येत नाही आणि घरातला सगळा आवाज गेल्यासारखं वाटतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून वन्सं आमच्याकडेच राहायला आल्या आहेत. काल संध्याकाळी मी देवापुढे बसले होते, त्या मागे खुर्चीत. पाचव्याला बोट थांबलं.

"थांबलीस?" त्यांनी मागून विचारलं.

"हं."

"रोज थांबतेस. बघते मी." खुर्ची करकरली. त्या येऊन माझ्या बाजूला जमिनीवर बसल्या, देवापुढे मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. माझं मनगट त्यांनी दोन बोटांनी धरलं, नाडीवर. दम लागल्यामुळे त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, एक लांब, एक आखूड, मध्येच अडखळलेला.

"सहावा ओढ," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."